बैलाचा प्रश्न

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय बाई, सर, शाळेतले आजचे शिक्षक आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

'मित्रमैत्रिणींनो' म्हणताना जीभ जरा अडखळते. आपल्या वर्गात मुलगे आणि मुली एकमेकांशी बोलत नव्हते. कुणी चुकून वही मागितली तरी मधल्या सुट्टीनंतर फळ्यावर दोघांची नावं दिसायची. तीस वर्षांनी आपण एका मांडवात खुर्चीला खुर्ची लावून बसलोय, हे बघून बरं वाटतंय.

आयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण' हा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. पण रोज ऑफिसात तेच ऐकते, इथे येऊन पुन्हा तेच कशाला? मी आज बैलाबद्दल बोलणार आहे.

नववीतली गोष्ट. बाई न्यूटनचे गतीचे नियम शिकवत होत्या. तिसरा नियम झाला. प्रत्येक क्रियाबलाला तेवढंच, विरुद्ध दिशेचं प्रतिक्रियाबल असतं. मला तो आधीच पाठ होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागं ओढत असेल, तर गाडी हलते कशी? आमची तर हलती."

वर्ग हसला. 'आमची तर हलती' याला जास्त हसला. सगळ्यात मोठ्यांदा मी हसले. पहिला नंबर माझा असायचा, आणि नियम पाठ असणं म्हणजे तो समजणं अशी माझी पक्की समजूत होती. प्रश्न विचारणारा समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही, तुम्हाला सगळ्यांना कळलंच आहे.

बाई, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "मला हे आत्ता नीट सांगता येणार नाही. उद्या सांगते." शिक्षकांना एखादी गोष्ट उद्यावर ढकलावी लागते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला व्हरांड्यात नेलंत. शहाबादी फरशीवर ओंजळभर चिंचोके पसरलेत, आणि त्यावर काल प्रश्न विचारणाऱ्याला उभं केलंत. तो कबड्डीच्या संघातला, वर्गात सगळ्यांत दणकट. खाली मुरमाच्या मैदानात उभं करायला तुम्ही वर्गातली सगळ्यांत किरकोळ मुलगी निवडलीत, म्हणजे मला. हातात दोरीची दोन टोकं दिलीत आणि म्हणालात, "ओढा." मुलगा आणि मुलगी रस्सीखेच खेळणार म्हटल्यावर बाकीच्या तीन तुकड्या खिडक्यांना लटकल्या होत्या. तीन सेकंदांत तो आपटला आणि मी जिंकले. महिनाभर त्याला 'चिंचोका' म्हणून चिडवलं गेलं, त्यात माझाही वाटा होता.

मग बाईंनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं, आत 'मुलगा' लिहिलं. दुसरं वर्तुळ काढलं, आत 'मुलगी' लिहिलं. म्हणाल्या, "एका वेळी एकाच वर्तुळात बघायचं. आतल्याला विचारायचं, तुला कोण कोण शिवतंय? जो शिवत नाही तो ढकलत नाही. पृथ्वी तेवढी न शिवता ओढते, तिला माफ." मुलाला दोरी शिवते, फरशी शिवते. मुलीला दोरी शिवते, जमीन शिवते. दोरी दोघांनाही सारखीच ओढते, तिथे कुणी जास्त नाही, कुणी कमी नाही. फरक पायाखाली आहे. मुरमाची जमीन मुलीला मागे रेटून धरते. चिंचोके मुलाला काहीच देत नाहीत.

बैलाचंही तसंच. बैलाच्या वर्तुळात जू मानेला मागे रेटतं, आणि जमीन खुरांना पुढे रेटते, कारण बैल खुरांनी जमीन मागे रेटतो. जमिनीचं रेटणं जास्त झालं की बैल पुढे सरकतो. गाडीच्या वर्तुळात जू पुढे ओढतं, चाकांकडचं घर्षण मागे. पुढची ओढ जास्त झाली की गाडी सरकते. बैलाचं गाडीवरचं बल आणि गाडीचं बैलावरचं बल अगदी सारखी असतात. पण ती एकाच वर्तुळात कधीच येत नाहीत, म्हणून ती एकमेकांना खोडूही शकत नाहीत. एकाचं देणं दुसऱ्याच्या खात्यावरून कसं वजा करणार?

हे सगळं मी त्या दिवशी ऐकलं, वहीत उतरवलं, आणि मला त्यातलं काही म्हणजे काहीही कळलं नाही. मी जिंकले होते, एवढंच लक्षात राहिलं. जिंकली जमीन होती. पण ते कळायला मला पुढची चार वर्षं लागली, आणि मध्ये एक विषय नापास व्हावं लागलं.

हे मी आजवर इथे कुणाला सांगितलेलं नाही. दहावीला शाळेच्या फलकावर माझं नाव लागलं. अकरावीत माध्यम इंग्रजी झालं. बल फोर्स झालं, सदिश व्हेक्टर झालं, घटक कॉम्पोनंट झाला. मी तेही पाठ केलं. बारावी निभावली. इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखा मिळाली, पण पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना 'अप्लाइड मेकॅनिक्स' असायचं. त्यात माझी केटी लागली. शंभरपैकी एकतीस.

प्रश्न काय होता तेही सांगते, कारण तो मी आयुष्यभर विसरणार नाही. टेबलावर एक ठोकळा, त्याला बांधलेली दोरी कप्पीवरून खाली आलेली, खालच्या टोकाला दुसरा ठोकळा टांगलेला. सोडल्यावर त्वरण किती आणि दोरीतला ताण किती? मी लिहिलं, ताण म्हणजे टांगलेल्या ठोकळ्याचं वजन. तेवढंच तर लटकतंय ना दोरीला! शिवाय टेबलावरच्या ठोकळ्याला पुढच्या दिशेने आणखी एक बाण काढला, आणि त्याला 'गतीचं बल' असं नाव दिलं. ठोकळा पुढे चाललाय म्हणजे त्याला पुढे नेणारं काहीतरी हवं, असं मला आतून वाटत होतं. तिन्ही नियम मला झोपेतही म्हणता आले असते. पण हात मात्र न्यूटनच्या आधीच्या काळात राहात होता.

खूप नंतर कळलं की ही माझी एकटीची गोष्ट नाही. १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची एक चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड नाही, सूत्र नाही, साधे प्रश्न. ट्रक आणि छोटी गाडी आदळली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, असले. सूत्रांची गणितं फटाफट सोडवणारी मुलंही त्यात गडबडली. हार्वर्डचे एरिक मेझर यांनी असले प्रश्न आपल्या वर्गाला दिले, तेव्हा एका मुलीने त्यांनाच विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहू की मला खरंच वाटतं तशी? मेझर यांनी पुढे आपली शिकवण्याची पद्धतच बदलली. ती मुलगी आणि आपला मागच्या बाकावरचा विद्यार्थी यांचा प्रश्न एकच होता. मी मात्र दोन्ही उत्तरं मनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली आणि तोंड बंद ठेवलं.

त्या दिवाळीत शाळेने माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला होता. बाई, तुम्ही निरोप धाडला होतात. आईने तुम्हाला सांगितलं, तिला ताप आलाय. ताप नव्हता. मी माळ्यावर बसले होते.

केटीच्या अभ्यासाला हॉस्टेलवर बसले तेव्हा पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं तिसऱ्यांदा पाठ करायला लागले आणि मलाच हसू आलं. मग एका रात्री कोऱ्या कागदावर वर्तुळ काढलं. आत लिहिलं, 'टांगलेला ठोकळा'. तुला कोण शिवतंय? दोरी. आणि पृथ्वी ओढतेय, तिला माफ. बस, दोनच बाण. आता ठोकळा खाली जाताना वेग वाढत जातो, म्हणजे खालचा बाण वरच्यापेक्षा मोठा हवा. म्हणजे ताण वजनापेक्षा कमीच असणार! लिफ्ट खाली निघाली की क्षणभर आपल्याला हलकं वाटतं, ते हेच. मग दुसरं वर्तुळ, 'टेबलावरचा ठोकळा'. टेबल शिवतंय, दोरी शिवतेय. आणि 'गतीचं बल'? ते कोण लावतंय, कुठे शिवतंय? त्याला मालकच नव्हता. मी तो बाण खोडला. हा मालक शोधण्याचा प्रकार इंग्रजी पुस्तकात 'फ्री बॉडी डायग्रॅम' या नावाने सहा पानं होता. मला तो शहाबादी फरशीवर फुकट मिळाला होता.

राहिले सदिशांचे घटक. साइन कुठे, कॉस कुठे, यात माझ्यासारखे शेकडो बुडालेत. यावर मला बाजाराने तारलं. आमचे आबा मार्केट यार्डात होते. ट्रकवर रॉकेलचं भरलेलं पिंप चढवायचं तर उचलून कुणी चढवत नसे. फळी लावायची आणि पिंप गडगडत वर न्यायचं. पिंप सुमारे १८० किलोचं, म्हणजे ढोबळमानाने १८०० न्यूटन वजन. फळी तीन मीटर लांब, ट्रकची उंची एक मीटर वीस सेंटिमीटर. उंचीला लांबीने भागलं की ०.४ येतात, हाच त्या कोनाचा साइन. म्हणजे फळीच्या दिशेने ७२० न्यूटन लावायचे. दोन हमाल असले की प्रत्येकाच्या वाट्याला ३६ किलो उचलल्याएवढा जोर. बाकीचा भार फळी सोसते.

साइन की कॉस हे विसरलात तर फळी मनातल्या मनात आडवी पाडा. कोन शून्य. सपाट फळीवरचं पिंप आपणहून गडगडत नाही, म्हणजे उताराच्या दिशेचा घटक शून्य यायला हवा. शून्याचा साइन शून्य असतो, कॉस असतो एक. मग उताराच्या दिशेला साइन, संपला विषय. ही सवय मला नोकरीतही उपयोगी पडते. प्रोग्रॅम लिहिला की पहिल्यांदा टोकाच्या किमती घालून बघायच्या, शून्य घातलं तर काय, फार मोठं घातलं तर काय. ऑफिसात लोक याला मोठमोठी नावं देतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पिंपच येतं.

एक गंमत जाता जाता सांगते. उताराचं हे गणित सायमन स्टेव्हिन नावाच्या माणसाने १५८६ साली छापलं, उतारावर गोळ्यांची माळ टाकून. न्यूटनचा ग्रंथ आला १६८७ साली. आणि सदिशांची आज आपण वापरतो ती मांडणी त्याहून अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिब्ज आणि हेविसाइड यांनी रूढ केलेली. जगातल्या हुशार माणसांना एवढा वेळ लागला. मला चार वर्षं लागली, त्याचं आता फार वाईट वाटत नाही.

माझी मुलगी यंदा अकरावीत आहे. जूनमध्ये ती वही घेऊन आली. गुळगुळीत टेबलावर दोन ठोकळे, पुढचा ३ किलोचा, मागचा २ किलोचा, मध्ये दोरी. पुढच्याला हाताने २० न्यूटनने ओढलं. मधल्या दोरीतला ताण किती? तिने लिहिलं होतं २०. मी म्हटलं, कशावरून? म्हणाली, "ओढतोय ना हात वीसने, मग ते मागपर्यंत पोचणारच."

मला एकदम माझी एकतीस मार्कांची उत्तरपत्रिका दिसली. जिभेवर आलेलं उत्तर गिळलं आणि मागच्या ठोकळ्याभोवती वर्तुळ काढलं.

"याला कोण शिवतंय?"

"टेबल. आणि दोरी."

"हात?"

ती गप्प. मग म्हणाली, "हात नाही शिवत."

"मग त्याला वीस कोण सांगायला गेलं?"

पुढचं तिने स्वतःच केलं. दोन्ही मिळून ५ किलो, बल २०, म्हणजे त्वरण ४. मागच्या २ किलोला ४ चं त्वरण द्यायला ८ न्यूटन पुरतात. ताण ८. मग तिलाच शंका आली, उरलेले १२ कुठे गेले? पुढचा ठोकळा ३ किलोचा, त्याला ४ च्या त्वरणासाठी बारा लागले. हात वीस देतो, दोरी आठ मागे ओढते, राहतात बारा. हिशोब जुळला. तिने ठोकळे अदलाबदल करून बघितले, जड मागे आणि हलका पुढे, तर ताण आला १२. "म्हणजे दोरीला काय मागे आहे तेवढंच कळतं," असं ती म्हणाली. मी फार खूश झाले, पण चेहरा साधा ठेवला. अकरावीच्या मुलांसमोर खूश होऊन चालत नाही.

झोपताना तिने विचारलं, "आई, तुला हे कुणी शिकवलं?" बाईंनी, असं म्हणणार होते. पण अर्धंच खरं झालं असतं. बाईंना तो धडा ज्याच्यामुळे घ्यावा लागला, त्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेला होता.

तो दहावीनंतर शिकला नाही. आज त्याच्या तीन क्रेन आहेत, पंचक्रोशीत कुठेही जड काही उचलायचं तर त्याला फोन जातो. काल संध्याकाळी आपण काही जण इथे मांडवाची तयारी बघायला आलो होतो. शाळेची जुनी घंटा, तो रुळाचा तुकडा, दोन लिंबांच्या मध्ये दोरी बांधून टांगायचा होता, आज पाहुण्यांच्या हस्ते वाजवायला. आपल्यातले दोन इंजिनिअर, त्यातली एक मी, दोरी ताणून ताणून सरळ करत होतो. फोटोत छान दिसावी म्हणून. हा आला, लांबूनच ओरडला, "अरे, झोळ ठेवा दोरीला! तुटंल!"

मी म्हटलं, घंटा वीसेक किलोची, दोरी चांगली जाड आहे. तो म्हणाला, "वजनाचं नाही, कोनाचं बघ. क्रेनला दोन बेल्ट लावताना आडव्यापासून तीस डिग्रीच्या खाली आम्ही लावतच नाही. बेल्ट पसरला की ताण वाढतो."

रात्री घरी गेल्यावर मी गणित केलं. घंटेभोवती वर्तुळ. तिला दोरी शिवते दोन्हीकडून, आणि पृथ्वी, तिला माफ. दोन्ही बाजूंच्या ओढीचे फक्त वरच्या दिशेचे घटक घंटेला तोलतात, आडवे घटक एकमेकांशी भांडण्यातच संपतात. घंटा २०० न्यूटन. दोरी तीस अंशांनी झुकलेली असेल तर प्रत्येक बाजूचा ताण २००. पाच अंशांवर आणली की तोच ताण सुमारे ११५० न्यूटन, म्हणजे ११५ किलो टांगल्याएवढा, आणि वर टोल्यांचे हिसके वेगळे. अगदी सरळ करायला गेलात तर ते होणारच नाही, कारण पूर्ण आडव्या दोरीला वर उचलायला घटकच उरत नाही. दहीहंडीच्या दोराचंही हेच. हंडी एकवेळ हलकी असते, पण कुणी गोविंदा दोराला लोंबकळला की मग बघायला नको.

मला हे सूत्र येत होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. पण काल संध्याकाळी दोरी ताणणारे हात माझे होते, आणि झोळ त्याने दिला. ती घंटा तुमच्या मागेच टांगलीय, वळून बघा. फोटोत जरा ओबडधोबड दिसेल.

तर, तिसऱ्या रांगेतल्या माझ्या वर्गमित्रा, नववीत तू विचारलेला प्रश्न वर्गातला सगळ्यांत चांगला प्रश्न होता, आणि मी त्याला हसले. माझं चुकलं. चिंचोका म्हणून चिडवलं, तेही चुकलं. काल मी तुला त्या दिवसाबद्दल विचारलं, तर तू म्हणालास, "मला फक्त ढोपर फुटल्यालं आठवतंय." बाई, तुमच्या धड्याचा एवढाच अंश त्याला आठवतो असं समजू नका. क्रेन चालवणारा माणूस बोलतो कमी.

आणि बाई, त्या दिवाळीत मला ताप नव्हता.

कार्यक्रमपत्रिकेत दुपारी साडेतीनला मैदानावर रस्सीखेच आहे असं छापलंय. मी घरून पिशवीभर चिंचोके आणलेत. या वेळी फरशीवर मी उभी राहणार आहे आणि मुरमात तो. खिडक्यांना लटकायला येणाऱ्यांनी वेळेवर यावं, आणि कुणीतरी आयोडेक्स जवळ ठेवावं.